पदराखालचं डोकं

भिमाबाईंचं डोकं मी पहिल्यांदा उघडं पाहिलं तेव्हा त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि आमची ओळख बावीस वर्षांची. तोवर पाहिला होता तो पदर. धुवट, दोन्ही कानांमागे खोचलेला, कपाळावर दोन बोटं पुढे आलेला. अमडापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि भिमाबाई पोरांची खिचडी शिजवायला लागल्या, तेव्हापासून. म्हाताऱ्या बाईच्या पदराकडे कोणी टक लावून बघत नाही. मीही बघितलं नाही. मी स्वतः पस्तिशीतच पदर सोडला होता, आणि बाकीच्या का सोडत नाहीत याचं माझं उत्तर तयार होतं: सवय. ते उत्तर चुकलेलं होतं, आणि त्या चुकीला मी चांगली वीस वर्षं धरून बसले.

हे लिहिते आहे कारण टक्कल म्हटलं की आमच्याकडे माणसं आधी हसतात, मग कुणाला तरी दोष देतात, आणि समजून घ्यायची पाळी आली की उठून जातात. एका घराचं त्यात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

भिमाबाई मेहकरकडच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या शेजारच्या गावात आल्या. नवरा कचरू खामगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. सोमवारी जायचा, शनिवारी यायचा. तीन लेकरं झाली, दोन गेली, एक राहिला तो धम्मरत्न. तो रांगत होता तेव्हाच भिमाबाईंचा भांग रुंद व्हायला लागला होता. तिशीला टाळू दिसायला लागली. एका रविवारी नवऱ्याने पाहिलं. पुढच्या शनिवारी येताना पिशवीत मिरच्यांच्या खाली कागदात गुंडाळून गंगावन घेऊन आला. बाजारात बायका वेणी लांब करायला लावतात तसलं. त्या विषयावर दोघांत झालं ते एवढंच. त्यानंतर आरसा, गंगावन, दोन आकडे आणि वर पदर. निजताना डोक्याला फडकं. घरात सगळ्यांना माहीत होतं की बुढीचं डोकं दुखतं. कचरू मेला आणि हे जाणणारा एकुलता एक माणूस संपला.

शाळेत त्या आल्या तेव्हा काही पालकांनी कुरकुर केली. कुणाच्या हातचं पोरांनी खावं, ही ती कुरकुर. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून ते कारण शोधत होते. खिचडीत एक केस सापडला असता तरी पुरलं असतं. केस कधीच सापडला नाही. मी इतर स्वयंपाकिणींना सांगायची, भिमाबाईंसारखं डोकं बांधा. भिमाबाई खाली मान घालून तांदूळ निवडत राहायच्या.

धम्मरत्न माझाच विद्यार्थी. दहावीनंतर शिकला नाही, काळीपिवळी जीप घेतली, अमडापूर-खामगाव फेऱ्या करतो. पन्नाशीला आला तरी केस असे की कंगवा अडकावा. बायको धम्मशीला साखरखेर्ड्याची, नववी शिकलेली, तोंडाने कमी आणि हाताने भराभर. त्यांना एकच मुलगी, दीपमाला. हुशार. खामगावला नर्सिंगला घातली.

दीपमाला अठराची झाली तसा तिचा भांग पसरायला लागला. पुढची केसांची ओळ शाबूत, आणि मधला भांग बोटभर, मग दोन बोटं. पहिल्यांदा दोष गेला हॉस्टेलच्या पाण्याला. मग शाम्पूला. मग स्कूटीवरच्या हेल्मेटला. कांद्याचा रस झाला, अंडं झालं, आठवडी बाजारातलं हिरवं तेल झालं. कुणीतरी सांगितलं, एकदा वस्तरा फिरवा, दाट येतील. पोरीने वस्तरा फिरवून घेतला. दोन महिने स्कार्फ बांधून वॉर्डात ड्यूटी केली. आले ते पहिल्याएवढेच, त्याच जागी विरळ. वस्तऱ्याने मूळ बदलत नाही, हे मी तिला आधी सांगितलं होतं. पण माझं सांगणं फुकटचं असतं, म्हणून ते कुणी घेत नाही.

मग स्थळ आलं. मुलगा पोस्टात, माणसं बरी. बघायला आलेल्या मुलाच्या आत्याने चहा झाल्यावर म्हटलं, "पोरी, जरा वेणी सोडून दाखव बरं." दीपमालाने सोडली. आत्याने भांगावरून बोट फिरवलं, कापड बघावं तसं. दोन दिवसांनी निरोप: पोरगी गुणाची आहे, पण मुलाची बदली व्हायची आहे, आता घाई नको.

त्याच थंडीत शेगावकडच्या काही गावांत लोकांचे केस चार-चार दिवसांत मुठीने हातात यायला लागले. ते सगळ्यांनी वाचलं आहे. त्याचं कारण काय यावरही पुष्कळ लिहून आलं. तो विषय वेगळा. पण धम्मरत्नला त्या बातमीने आनंद झाला. खरोखर आनंद. आपल्या पोरीचं हेच असलं तर सरकार औषध देईल, केस परत येतील, सोयरे परत येतील. जीपमध्ये घालून तो तिला तपासणीच्या शिबिरात घेऊन गेला. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, समोर रांग. तिने पेनच्या टोकाने केस बाजूला केले, भिंग लावलं, म्हणाली, "हे त्यातलं नाही. हे आनुवंशिक आहे. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा." आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

अर्धं मिनिट लागलं असेल. तो एक शब्द घेऊन धम्मरत्न घरी आला आणि रात्रभर फोन बघत बसला. फोनमध्ये कुणीतरी कोट घालून सांगत होतं की टक्कल आईच्या बापाकडून येतं. धम्मशीलाचे वडील साखरखेर्ड्यात टकलासाठीच प्रसिद्ध होते. मरून सहा वर्षं झाली होती. निकाल लागला.

मला हे कळलं ते जीपमध्येच. मी पुढच्या सीटवर, मागे दहा-बारा माणसं. धम्मरत्न आरशात बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मॅडम, बायको करताना सासरा पाहाले पायजे. आपुन पोरगी पाह्यली, बुढ्याचं टोपडं काढून नाई पाह्यलं."

मागून हशा. एकजण म्हणाला, "मंग आता वापस कर न बे, वारंटी हाये का?"

"वारंटी बुढ्यासंगं गेली," धम्मरत्न म्हणाला.

मी म्हटलं, "धम्मरत्न, दहावीला विज्ञानात तुला पस्तीस पडले होते. त्यातले चार मी पदरचे दिले होते."

"हाव मॅडम. पन तुमीच शिकवलं, आनुवंशिक म्हंजे मायबापाकडून. माह्या डोक्शावर तं हे जंगल. माह्या बाबाच्याही होतं, मरेपर्यंत. मायले टक्कल असते का कधी? मंग उरलं कोन?"

बाईला टक्कल नसतं. हे त्याने इतक्या सहज म्हटलं, सूर्य उगवतो म्हणावं तसं. त्याच्या घरात सगळ्या बायका पदराखाली म्हाताऱ्या झालेल्या. त्याला दुसरं दिसणार कुठून? मला तिथेच जीप थांबवून बोलायला हवं होतं. मी म्हटलं, हा लांबचा विषय आहे, एकदा घरी ये. आणि माझा थांबा आला, मी उतरले. तो आला नाही. मी पुन्हा बोलावलं नाही.

मार्चमध्ये त्याने धम्मशीलाला साखरखेर्ड्याला नेऊन सोडलं. भावाच्या दारात, वळकटी आणि शिलाई मशीनसकट. भाऊ धम्मदीप शेतावर होता. वहिनीने दार उघडलं. धम्मरत्नने खाली उतरूनही बघितलं नाही, जीपमधूनच म्हणाला, "तुमचा माल तुमच्यापाशी. फसवून देल्ली होती." चोवीस वर्षांच्या संसारानंतर. धम्मशीला सहा महिने तिथे राहिली. वहिनीच्या हाताखाली, सोयाबीन निंदत, शेजाऱ्यांचे ब्लाऊज शिवत. सप्टेंबरात धम्मरत्नने निरोप पाठवला की फारकत हवी. दोन्ही गावच्या चार माणसांनी मिळून आमच्याकडच्या विहारात रविवारी बैठक ठेवली. तिथे ठरणार होतं की ती परत येणार की कागदावर सही करून मोकळी होणार. पोटगीचं नाव कुणी काढत नव्हतं.

त्या आधीच्या गुरुवारी दुपारी भिमाबाई माझ्या घरी आल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, उंबऱ्याला टेकल्या. पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? बाईले पडते का टक्कल?"

"पडतं की. का नाही पडणार?"

"तरन्या बाईले?"

मला वाटलं नातीबद्दल विचारताहेत. मी चष्मा लावला, जुन्या उत्तरपत्रिकेची कोरी बाजू घेतली आणि शिकवायला बसले. चाळीस वर्षांची खोड. केसाचं मूळ काढलं. म्हटलं, प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो, गळतो, त्याच मुळातून दुसरा येतो. काही माणसांची मुळं जन्मतःच नाजूक असतात. अंगात जे रस असतात, पुरुषी म्हणतात ते, बाईच्याही अंगात थोडे असतातच, त्यातल्या काहींनी ही मुळं आक्रसतात. दर खेपेला येणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड. शेवटी लव. म्हणजे केस एका दिवसात जात नाहीत, दरवेळी लहान होऊन येतात. पुरुषाचं कपाळ मागे सरकतं, माथ्यावर चकती पडते. बाईची पुढची ओळ राहते आणि भांग पसरतो. कधी विशीत, कधी पाळी गेल्यावर. बाईच्या बाबतीत सगळं नीट उलगडलेलं नाही अजून, पण पाण्याने नाही, टोपीने नाही, नजरेने नाही.

"अन् येते कोनाकडून? बापाकडून का मायकडून?"

"दोन्हीकडून. एक गुण असतो थोडाच? पुष्कळ असतात. काही आईचे, काही बापाचे. मधली पिढी कोरीही जाते. धम्मरत्न फोनवर बघतो त्यात रवाभर खरं आहे. पुरुषांच्या टकलातला एक मोठा गुण आईकडून येणाऱ्या धाग्यावर असतो, त्याला एक्स म्हणतात. पण मुलीला असे दोन धागे. एक आईचा, एक बापाचा." मी खाली दीपमाला म्हणून टिंब काढलं, वर आई-बापाकडे दोन रेघा मारल्या. "आणि बापाला तो मिळालेला असतो त्याच्या आईकडून."

भिमाबाईंनी रेघेवर बोट ठेवलं. नखात हळद होती. बोट दीपमालावरून धम्मरत्नवर गेलं, धम्मरत्नवरून वर.

"म्हंजे हे त्याच्या मायचं."

"हो. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही, भिमाबाई. मुलींमध्ये तर मुळीच…"

त्या ऐकत नव्हत्या. म्हणाल्या, "मॅडम, दार लोटून घ्या."

मी लोटलं. त्यांनी पदर खाली घेतला. दोन आकडे काढून ओठांत धरले. मग गंगावनाचा अंबाडा झाकण उचलावं तसा उचलला आणि मांडीवर ठेवला. कपाळाच्या काठाने पांढऱ्या केसांची एक ओळ होती, पूर्ण. तिच्यामागे काही नाही. बांधावर गवत राखलेलं आणि आत मोकळं वावर, तसं. कातडी पांढरी, कधी ऊन न लागलेली, वर लव. मानेकडे पुन्हा केस.

मी विज्ञानाची शिक्षिका. बावीस वर्षं डोळ्यांसमोर.

"कधीपासून?"

"धम्मा रांगे तवापासून."

"आणि घरात कोणालाच…"

"त्याच्या बाबाले. बस."

मला राग आला. दया यायला हवी होती, ती नंतर आली. मी म्हटलं, "सहा महिने सून भावाच्या दारात बसली आहे, भिमाबाई. तिच्या मेलेल्या बापाची टिंगल तुमचा मुलगा जीपमध्ये करतो. आणि तुम्ही पदर सावरून भाकरी करत होतात?"

"हाव," त्या म्हणाल्या. मग मांडीवरच्या अंबाड्याकडे बघत, "बोलली असती तं पोट्टीचं लगन कोन करन? आजीपासूनचं हाये म्हनतीन. सुनेकडचं म्हनलं तं निदान माह्या धम्माचं घर साफ राह्यते, असं वाटे. अन् तो काय म्हनन मले, याचं भेव. तो एकच तं हाये."

"रविवारी सांगा."

"तुमी सांगा न, मॅडम. तुमचं ऐकतीन."

"माझ्या डोक्यावर केस आहेत. माझं कोण ऐकेल?"

त्यांनी आकडे पुन्हा लावले. आरसा लागला नाही. चाळीसहून जास्त वर्षांचा सराव. जाताना कागद मागून घेतला, घडी करून कमरेला खोचला. वाचता येत नव्हतं त्यांना.

रविवारी वंदना झाली, बाकीची माणसं गेली, बैठकीची थांबली. समितीचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमन, सतरंजीवर मधोमध. एका बाजूला धम्मरत्न. समोर धम्मदीप आणि त्याच्यामागे धम्मशीला, खाली बघत. दीपमालाला कुणी बोलावलं नव्हतं, ती खामगावहून स्वतः आली होती, स्कार्फ बांधून, दारापाशी. मला शिक्षिका म्हणून खुर्ची दिली.

धम्मरत्न बोलला. पोरीचं जमत नाही, डॉक्टरांनी आनुवंशिक सांगितलं, हे लपवून लग्न लावलं. धम्मदीप म्हणाला, "माह्या बाबाचं टक्कल सारा गाव पाहे. लपवलं काय? लग्नात तुमच्या मांडीले मांडी लावून बसले होते." दोन-तीन जण हसले. अध्यक्ष म्हणाले, "मुद्द्यावर या, भाऊ."

तेव्हा भिमाबाई उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असणार की आधी काही बोलावं. पण केलं ते गुरुवारचंच, पदर, आकडे, अंबाडा. सगळ्यांसमोर, पुरुषांसमोर, मुलासमोर.

धम्मरत्नने पहिल्यांदा मान फिरवली, मग म्हणाला, "माय, पदर घे. म्हातारपनी जातेच साऱ्याइचे."

"तू रांगे तवापासून हाये."

"कोनं पाह्यलं?"

"तुह्या बाबानं."

"बाबा येतीन का आता सांगाले?"

बाईने इतकं नीट लपवलं होतं की खरं सांगायला साक्षीदार उरला नव्हता. मी बोलायला उठले. म्हातारपणी केस सगळीकडून पातळ होतात, पुढची ओळ अशी उभी ठेवून मधलं जात नाही, हे सांगायला लागले. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ते पुस्तकातलं बरोबर असन, पन…"

दीपमाला दारातून आत आली. स्कार्फ सोडला, आजीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मान खाली घातली. आजीचीही मान खालीच होती. एकवीस वर्षांचं डोकं आणि त्र्याहत्तर वर्षांचं डोकं. तीच ओळ, तोच भांग, एकीचा सुरू झालेला, दुसरीचा संपलेला. मी खुर्चीवर बसले.

अध्यक्षांनी दोन-तीनदा घसा साफ केला. मग म्हणाले, सुनेकडे दोष नाही, फारकतीला कारण उरलं नाही, धम्मरत्नने बायकोला आजच घेऊन जावं. धम्मरत्न कोणाकडेच न बघता उठला. म्हणाला, "चाल."

खरं सांगायचं तर सगळं खरं मी तिथे सांगितलं नाही. धम्मशीलाच्या वडिलांचं टक्कलही मोजलं जातं. मुलीत दोन्हीकडचं उतरलेलं असणं अगदी शक्य होतं, किती कुठलं ते कोणी सांगू शकत नाही. मला ते माहीत होतं. बाईचं घर परत मिळत होतं, म्हणून गप्प बसले. आयुष्यात मी अर्धा सोडलेला तो एकच धडा.

धम्मशीला उठली नाही. ती नवऱ्याशी बोललीच नाही आधी, सासूशी बोलली. "आत्या, चोवीस वर्षं एका चुलीवर राह्यलो आपुन. यानं मले जीपीत बसवलं तवा तुमी दारात उभ्या होत्या. एक शब्द काऊन नाई काढला?"

"लाज वाटे, बाई."

"माह्या बापाची रोज काढली तवा नाई वाटली?"

भिमाबाईंनी पदर घ्यायला हात वर केला आणि तसाच ठेवला.

मग धम्मशीला नवऱ्याकडे वळली. "खोट तुमच्या मायची निंगाली म्हनून मले घरात घेता. उद्या दुसरा डॉक्टर म्हनला, का दोघाइकडची हाये, तं? तवा पुन्हा जीप काढान का?"

नववी शिकलेली बाई. मी न सांगितलेलं तिने स्वतःच काढलं.

धम्मरत्न म्हणाला, "याचं असन तं ये, नाई तं राह्य." तो बाहेर गेला आणि जीप चालू केल्याचा आवाज आला. ती गेली नाही. सहीही केली नाही. धम्मदीप म्हणाला, घरी चल. ती म्हणाली, "तुह्याही घरी नाई आता."

दीपमालाचा निकाल लागल्यावर तिला खामगावला एका दवाखान्यात नोकरी लागली. मायलेकी तिथे एका खोलीत राहतात. धम्मशीला डाळमिलमध्ये पॅकिंगला जाते. दीपमालाला मी बुलडाण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, लोह पाहिलं, ते बरं होतं. लावायला औषध दिलं. म्हणाले, आहे ते टिकेल, थोडं भरेलही, पण लावत राहावं लागेल. "किती दिवस?" तिने विचारलं. "लावाल तितके दिवस." परतीच्या एसटीत ती मला म्हणाली, "मॅडम, आजीइतकं होईल का?" मी म्हटलं, होऊ शकतं. लवकर सुरू केलंस, कदाचित नाही होणार. वचन देणार नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं केलं सांगितलं." स्थळांचं ती बोलत नाही. आता कुणी विचारलं तर आधी फोटो पाठवते, भांगाचा, वरून काढलेला. पुढचा फोन अजून आलेला नाही.

भिमाबाई पदर पुन्हा घेतात, पण गंगावन नाही. पदर पाठीमागे चपटा पडतो. पाणंदीवरच्या पोरी मागून काहीतरी बोलतात, ते त्यांना ऐकू येतं, मलाही एकदा आलं. बायका जास्त वाईट. त्या तोंडावर गोड बोलून विचारतात, न्हायला सोपं पडत असन नाई? धम्मरत्न आईशी बोलत नाही. भाकरी त्या झाकून ठेवतात, तो ढाब्यावर खाऊन येतो. सकाळी त्या ती भाकरी कुस्करून स्वतः खातात.

दर मंगळवारी बाजाराच्या निमित्ताने त्या माझ्याकडे येतात आणि म्हणतात, फोन लावा. मी धम्मशीलाला लावते. भिमाबाई स्वतः घेत नाहीत, शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघतात. परवा मी विचारलं, आत्या आल्या आहेत, काही निरोप? पलीकडे मिलचा घरघराट होता. धम्मशीला म्हणाली, "त्याइले सांगा, बीपीची गोळी टायमावर घ्या. रात्री उपाशी झोपू नका. अन् मी येनार नाई."

मी तिन्ही गोष्टी सांगितल्या. मला एखादी गाळता येत नाही.

"हाव," भिमाबाई म्हणाल्या. पिशवी उचलली आणि स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या. मुलाची जीप समोर भरत होती, एक जागा मोकळी होती, त्यात शेजारची बाई चढली. जीप निघून गेली. भिमाबाई दुसरी यायची वाट बघत उन्हात उभ्या राहिल्या.